उधाणाला तारे, भांगाला चंद्र
हौशी वेधशाळेपर्यंत पोचायला चिंचणीकराला किती खर्च येतो?

चिंचणीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला उधाण आणि भांग समजावून सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. होडी कधी लोटायची, जाळं कधी टाकायचं, सगळं त्यावर चालतं. आकाश बघायला निघालेल्यानेही हेच कोष्टक हातात धरावं, म्हणजे निम्मा खर्च तिथेच वाचतो. भांगाच्या दिवसांत चंद्र अर्धा असतो, आणि दुर्बिणीतून तो तेव्हाच सर्वांत देखणा दिसतो, कारण उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. अमावास्येच्या उधाणाला चंद्र नसतो, ती रात्र ताऱ्यांची. पौर्णिमेच्या उधाणाला मात्र घरी बसावं. चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो आणि तारे पुसले जातात.

हे सुरुवातीलाच सांगायचं कारण माझ्या खिशाला बसलेली चाट. काही वर्षांपूर्वी मी एका पर्यटनवाल्यांच्या ‘तारे बघा’ शिबिराला माणशी दीड हजारावर रुपये मोजून गेलो. जेवण बरं होतं, शेकोटी होती, गाणी होती. दुर्बीणही होती, पण रात्र त्रयोदशीची. चांदण्यात पेपर वाचता आला असता. तारीख मी घेतली होती त्यांच्या जाहिरातीतून. पंचांग घरच्या भिंतीवरच लटकत होतं, त्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

तेव्हा पैसे कुठे घालावेत? माझं मत सरळ आहे. पहिला रुपया हौशी खगोलप्रेमींच्या जुन्या संस्थेकडे जाऊ द्या, दुर्बिणीच्या दुकानाकडे नंतर बघू.

जुनी संस्था म्हणजे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था. स्थापना २२ ऑगस्ट १९४४, हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातली सर्वांत जुनी संस्था. पत्ता टिळक रस्त्यावरचं टिळक स्मारक मंदिर. नावात ‘ज्योतिर्विद्या’ असल्यामुळे काही जण पत्रिका घेऊन पोचत असतील, तर त्यांनी पत्रिका घरी ठेवावी. इथली विद्या दुर्बिणीची आहे. सगळा कारभार नोकरी-धंदा सांभाळून येणाऱ्या सभासदांच्या अंगावर.

पुण्यात याहून जुनी आणि कितीतरी श्रीमंत वेधशाळा होती. भावनगरच्या महाराजांनी ५,००० रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले, आणि पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. १८८८ साली ती सुरू झाली. प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. वीस इंची आरशाची परावर्ती दुर्बीण होती, त्या काळी देशातली सर्वांत मोठी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास सूर्यग्रहण नायगमवालांनी जेऊरला जाऊन टिपलं. त्याच दिवशी इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर तळ ठोकून होते. पुढे नायगमवाला निवृत्त झाले आणि १९१२ मध्ये वेधशाळा मोडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या आणि एका देणगीच्या भरवशावरची वेधशाळा चोवीस वर्षं चालली. वर्गणीवर चालणारी संस्था ऐंशी वर्षं ओलांडून उभी आहे. सभासद वर्गणीकडे बघताना हा हिशेब मनात असू द्यावा.

ती वर्गणी जाते कुठे? आरशावरचा ॲल्युमिनियमचा मुलामा काही वर्षांत मंदावतो, तो उतरवून नव्याने चढवावा लागतो. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. माऊंटची मोटर कुरकुरते, आयपीस पडतात, पुस्तकांना वाळवी लागते. त्यावर जागेचा खर्च आणि विजेचं बिल. दाखवणाऱ्याची मजुरी मात्र यात धरलेली नसते, कारण तो ती घेत नाही. म्हणून तिथे गेल्यावर ‘एवढ्याशा ठिपक्यासाठी पैसे घेता?’ असं म्हणायच्या आधी थांबावं. शनी त्या दुर्बिणीत खरंच एवढासाच दिसतो. मासिकातला मोठा रंगीत शनी अंतराळयानाने काढलेला असतो.

एका संध्याकाळच्या दर्शनाचं शुल्क, विद्यार्थी सभासदत्व, वार्षिक वर्गणी, आजीव वर्गणी हे आकडे संस्था वेळोवेळी ठरवते, म्हणून मी छापत नाही. निघण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: त्या दिवशी दर्शन आहे का, ढग आले तर पुढची तारीख मिळते की पैसे बुडतात, सभासदाला दर्शन फुकट आहे का, आणि ग्रंथालय त्या वेळी उघडं असतं का. चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. आकाश झाकलेलं असेल तर पुण्याची फेरी ग्रंथालयच वाचवतं.

आता चिंचणीहून पुण्याची फेरी. बोईसर स्टेशन दहा-बारा किलोमीटर. एसटी नाहीतर सहा आसनी, माणशी तीस-चाळीस रुपये धरा. २०१३ पासून विरारची लोकल डहाणूपर्यंत येते, त्यामुळे बोईसरहून दादर पन्नास रुपयांच्या आत होतं. दादरहून पुण्याला दिवसाच्या गाडीचं दुसऱ्या वर्गाचं आरक्षण दीडशेच्या आत, वातानुकूलित खुर्ची घ्याल तर त्याच्या तिप्पट. गुजरातेतून वसई-कल्याणमार्गे पुण्याला जाणाऱ्या गाड्याही आहेत. त्या रोज नसतात आणि प्रत्येक गाडी बोईसरला थांबत नाही, तिकीट काढताना थांबा बघून घ्या. बसली तर दादरचा जिना वाचतो. दर्शन रात्रीचं, म्हणजे मुक्काम आला. साध्या लॉजची खोली हजाराच्या आसपास, दोघांत वाटली तर पाचशे. जेवण-चहा-रिक्षा धरून माणशी दीड ते दोन हजारांत एक संध्याकाळ होते. नातेवाईक पुण्यात असतील तर निम्म्यात.

शहराच्या मधोमध बसलेल्या दुर्बिणीतून काय दिसणार, हा प्रश्न रास्त आहे. आकाशगंगेचा पट्टा दिसणार नाही. चंद्र, गुरूचे चार चंद्र, शनीची कडी, जोडतारे हे उजेडाला दाद देत नाहीत, ते छान दिसतात. शनीबद्दल एक सूचना. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे अगदी धारेने वळली होती, म्हणजे जवळजवळ नाहीशी. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण पसरलेली दिसतील. मुलं लहान असतील तर शनीसाठी घाई नको. वर्षं जातील तसा देखावा सुधारणारच आहे, आणि असा सौदा दुसरीकडे सहसा मिळत नाही.

काळोख हवा असेल त्यांनी वांगणीची वाट धरावी. मुंबईचं खगोल मंडळ १९८५-८६ च्या हॅलेच्या धूमकेतूच्या हवेत सुरू झालं आणि रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम वांगणीला घेत आलं आहे. आपल्या भागातल्या लोकांची इथे हमखास फसगत होते. चिंचणीचं जवळचं स्टेशन वाणगाव, आणि हे वांगणी. वाणगाव पश्चिम रेल्वेवर डहाणूच्या अलीकडे, वांगणी मध्य रेल्वेवर बदलापूर-कर्जतच्या मध्ये. फोनवर ऐकलेलं नाव खिडकीवर पुन्हा म्हणताना जीभ सवयीने वाणगावच म्हणते. घरात कुणाला निरोप देताना अक्षर न् अक्षर लिहून द्या. ‘वाणगावला कार्यक्रम आहे, मग निघायची घाई कशाला’ म्हणून पाय पसरून बसलेला पाहुणा मी पाहिला आहे.

वांगणीला जायला बोईसर-दादर आणि तिथून कर्जत लोकल. किंवा वसईला उतरून दिव्याकडची गाडी धरून पुढे कल्याण, पण या गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच निघा. एका बाजूचं भाडं शंभराच्या आत. मुक्कामाचा प्रश्नच नाही, रात्रभर जागायचं असतं. शुल्कात जेवण-चहा आहे की नाही ते आधी विचारा. सोबत सतरंजी, स्वेटर, कानटोपी. कोकणातला माणूस थंडीला हसतो आणि पहाटे तीनला दुसऱ्याची चादर मागतो. शुल्क धरून माणशी हजार-बाराशेत रात्र निभावते. आकाश समजून घ्यायला मला पुण्याच्या संध्याकाळपेक्षा ही रात्र अधिक उपयोगी वाटते. ताऱ्यांचं फिरणं तासाभरात कळत नाही. संध्याकाळी पूर्वेला उगवलेलं मृग नक्षत्र पहाटे पश्चिमेला कलंडलेलं पाहिलं की पृथ्वी फिरते हे पोटात शिरतं.

शाळांसाठी वेगळा हिशेब. चाळीस मुलं वांगणीला न्यायची तर बसभाडं पंधरा-वीस हजार धरा, म्हणजे डोक्यावर चार-पाचशे फक्त प्रवासाचे, शिवाय रात्रीची जबाबदारी. त्यापेक्षा संस्थेच्या चार माणसांना दुर्बिणीसह शाळेत बोलवा. त्यांचं जाणं-येणं, जेवण आणि मानधन मिळूनही खर्च बसच्या आत राहतो, आणि मुलांबरोबर आईबाबाही बघतात. तारीख शुक्ल सप्तमी ते दशमीच्या मधली मागा. चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो, लहान मुलांना जागवावं लागत नाही. मैदानातले हॅलोजन बंद करायची परवानगी आधीच घेऊन ठेवा. ऐनवेळी चावी असलेले भाऊ गावाला गेलेले असतात.

मग आपला किनारा काय वाईट आहे? वाईट नाही, पण अटी आहेत. पूर्वेला आणि आग्नेयेला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीचा पिवळट उजेड, दक्षिणेला तारापूरच्या अणुवीज केंद्राचे दिवे. पश्चिमेला समुद्र, तिकडे काळोख उरलेला आहे. म्हणून आपल्याकडे मावळतीचं आकाश सगळ्यात स्वच्छ. बुध, शुक्र, कोवळी चंद्रकोर हे किनाऱ्यावरून पाहावेत, विनातिकीट. ध्रुवतारा चिंचणीतून क्षितिजावर सुमारे २० अंश, हात लांब करून धरलेल्या दोन मुठी. अगस्त्य दक्षिणेला जास्तीत जास्त १७ अंश चढतो, म्हणजे दोन मुठींना थोडा कमी. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमाराला तो नेमका वीजकेंद्राच्या दिशेला येतो, तरी इतका तेजस्वी की दिव्यांवर मात करतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. अणुवीज केंद्राच्या रोखाने दुर्बीण किंवा कॅमेरा लावू नका, आणि किनाऱ्यावर रात्री जमणार असाल तर पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आदल्या दिवशी चिठ्ठी द्या. चिठ्ठीला पैसे पडत नाहीत, न दिल्यास रात्र पडू शकते. दुसरी गोष्ट भरतीची. अमावास्येच्या उधाणाला आपल्या किनाऱ्यावर पाणी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास भरतं. संध्याकाळी सातला ओहोटीची लांबलचक कोरडी वाळू बघून कोणी खाली जाऊन स्टँड रोवला, तर गुरू दाखवून होईपर्यंत पाय भिजतात. सुरूच्या झाडांपाशी, वरच्या वाळूतच मांडा. तसंही ओल्या वाळूत तिपाई रुतते.

खारा वारा हा चिंचणीकराचा छुपा खर्च. स्क्रू गंजतात, आरसा मळतो, भिंगावर चिकट पडदा बसतो. किनाऱ्यावरून आणलेली दुर्बीण तशीच पेटीत बंद करू नये. आधी घरात उघडी वाळवावी, मग सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. भिंग शर्टाच्या टोकाने पुसण्याचा मोह फार असतो. मिठाचा कण काचेवर ओरखडा काढतो, तो कायमचा.

दुर्बीण शेवटी ठेवली, कारण खरेदी शेवटीच करावी. आधी डोळे, मग तारकानकाशा. फिरत्या चकतीचा नकाशा शे-दोनशेत मिळतो, स्टेलेरियम हे ॲप फुकट आहे. टॉर्चला पतंगाचा लाल कागद गुंडाळा, पाच रुपये, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. त्यानंतर १०×५० ची द्विनेत्री. बरी घ्यायची तर सहा ते बारा हजार. यात कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, गुरूचे चंद्र, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात देवयानी दीर्घिकेचा धुरकट ठिपका दिसतो. नाद सुटला तरी द्विनेत्री वाया जात नाही, समुद्रातली होडी बघायला कामी येते.

दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेलं दिसलं तर खोकं खाली ठेवून चालू लागा. दोन-पाच हजारांच्या या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणी वाढदिवसाला फार विकल्या जातात. हिशेब सोपा आहे. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, तेवढंच उपयोगी विवर्धन. साठाला एकशेवीस. त्यापुढे अंधूक आणि थरथरणारा गोळा. मुलगा दोनदा बघतो आणि खोकं माळ्यावर जातं.

खरी दुर्बीण घ्यायची तर सहा इंची डॉब्सोनियन. बाजारात साधारण पंचवीस ते पंचेचाळीस हजार, आठ इंची चाळीस ते सत्तर. मोटर नाही, संगणक नाही, लाकडी पेटीवर फिरणारी नळी. ही रचना करणारा जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण परंपरेतल्या वेदांत मठाचा संन्यासी होता. मठात चोरून आरसे घासायचा. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला, मग तो रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत बसला. भंगारातल्या काचा आणि पुठ्ठ्याच्या नळ्यांतून ही स्वस्त जात जन्मली. आरसा स्वतः घासायचा असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन केंद्राने आणि हौशी संस्थांनी वेळोवेळी तशा कार्यशाळा घेतल्या आहेत. विकतच्यापेक्षा फार स्वस्त पडतेच असं नाही, आठवडेच्या आठवडे जातात. पण दुर्बिणीच्या पोटात काय आहे हे माहीत असलेला माणूस पुढे दुरुस्तीवर पैसे घालवत नाही.

जुनी दुर्बीण सभासदांकडून मिळत असेल तर सर्वांत उत्तम, आणि वर्गणी भरायचं व्यवहारी कारणही हेच. संस्थेत कोणी ना कोणी मोठी घेऊन लहान काढत असतो. घेताना टॉर्चचा उजेड तिरका मारून आरसा बघा. धूळ चालते, जाळीसारखी बुरशी किंवा उडालेला मुलामा असेल तर नव्या मुलाम्याचा खर्च भावातून वजा करा.

पावसाळ्याचे चार महिने दुर्बीण पेटीत राहणार, हेही हिशेबात धरा. २ ऑगस्ट २०२७ ला मोठं सूर्यग्रहण आहे, इजिप्त-अरबस्तानात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. ऐन पावसाळ्यातलं. त्यासाठी आयएसओ १२३१२-२ असं छापलेले ग्रहणचष्मे पन्नास-शंभरात घेऊन ठेवावेत, ढग फाटले तर नशीब. एक्सरेची फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांतलं काहीही चालत नाही.

खिशात काहीच नसेल त्याने मे महिन्याची वाट पाहावी. १९-२० मेच्या सुमारास चिंचणीत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, बारा पस्तीसच्या आसपास झालेले असतात, कारण घड्याळ आपण ८२.५ अंश रेखांशाचं वापरतो आणि राहतो पावणेत्र्याहत्तरच्या आत. अंगणात काठी ओळंब्याने उभी करा. सावली आक्रसत काठीच्या बुडाशी येते आणि मिनिटभर दिसेनाशी होते. जुलैच्या २३-२४ ला हेच पुन्हा घडतं, पण तेव्हा काठी भिजत असते.